चिमणी कुठल्या हाताला होती? कारखान्यांचे फोटो काढणाऱ्या एका जोडप्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलतानाचं अडखळणं काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजची गोष्ट जर्मनीतली आहे. पण मला ती सापडली लालबागच्या एका दहा बाय बाराच्या खोलीत, गणपतीत, दोन म्हाताऱ्या माणसांच्या भांडणातून. तर आधी ते भांडण सांगतो.

माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. १९६० च्या आसपास लागले, ते १९८२ च्या संपापर्यंत. गणपतीत त्यांचे जुने सोबती आप्पा दर्शनाला आले होते. आप्पा त्याच गिरणीतले, त्याच पाळीतले. चहा झाला, गप्पा रंगल्या आणि अचानक दोघांची जुंपली. विषय काय? तर गेटातून आत शिरलं की चिमणी डाव्या हाताला होती की उजव्या. आजोबा म्हणाले डाव्या. आप्पा म्हणाले, "अरे, काहीतरीच काय बोलतोस? डाव्या हाताला पाण्याची टाकी होती." दोघंही वीस-वीस वर्षं रोज त्या गेटातून आत गेलेले. दोघांनाही शंभर टक्के खात्री.

मी म्हटलं थांबा, दोन मिनिटांत बघून सांगतो. आपण इंजिनिअर ना! फोन काढला आणि शोधायला बसलो. त्या जागेवर आज दोन उंच टॉवर आणि एक पार्किंग आहे, ते लगेच दिसलं. संपाचे फोटो मिळाले: मोर्चे, झेंडे, गेटासमोरची गर्दी, भाषणं. आजोबांच्या पेटीत एका समारंभाचा ग्रुप फोटो होता, पण त्यात मागे नुसती भिंत. गिरणीचं आवार सरळ, समोरून दाखवणारा एक साधा फोटो मला आजपर्यंत मिळालेला नाही. भांडण मिटलं नाही. आप्पा मोदक खाऊन, थोडे रुसूनच घरी गेले.

मला ते लागलं. कारण सगळ्यांचं लक्ष जाईल त्याचा फोटो कोणीतरी काढतंच. चिमणी कुठे होती याचा फोटो कोण काढणार? चिमणी तर रोजचीच. या प्रश्नाचा माग काढताना मला बेर्न्ट आणि हिल्ला बेखर सापडले. या नवरा-बायकोने जवळजवळ अख्खं आयुष्य पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, कूलिंग टॉवर आणि खाणींचे मनोरे यांचे फोटो काढण्यात घालवलं.

आता जाऊया जर्मनीला. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात झीगन नावाचं शहर आहे. या पट्ट्यात लोखंडाचं खनिज काढणं आणि वितळवणं हा फार जुना धंदा. बेर्न्ट बेखर १९३१ साली इथेच जन्मला, खाणी आणि भट्ट्या बघतच मोठा झाला. शिकला मात्र चित्रकला. १९५० च्या दशकात त्याच्या लहानपणच्या परिसरातल्या खाणी एकेक करून बंद पडायला लागल्या. झीगनजवळच्या अशाच एका खाणीचं चित्र काढायला तो बसला. बारीक, नेमकं, प्रत्येक तुळई दाखवणारं चित्र त्याला हवं होतं. पण अडचण अशी की त्याचं चित्र पुरं व्हायच्या आधीच पाडणारे कामाला लागले होते. चित्र मागे पडत होतं, खाण पुढे नाहीशी होत होती. म्हणून त्याने साधा लहान कॅमेरा घेतला आणि घाईघाईत फोटो काढून ठेवले. उद्देश एवढाच, की नंतर घरी बसून फोटोंवरून चित्र पुरं करावं.

म्हणजे बघा, सुरुवातीला फोटो ही त्याच्यासाठी नुसती नोंद होती, खरी कला म्हणजे चित्र. पुढे ते उलटंच झालं.

त्याला कारण हिल्ला. हिल्ला वोबेझर १९३४ साली पोट्सडॅमला जन्मली. तिथल्या एका जुन्या वळणाच्या फोटोग्राफरकडे तिने उमेदवारी केली होती. जड कॅमेरा, तिवई, काचेसारखा स्वच्छ तपशील असं सगळं शिक्षण. पुढे ती पश्चिम जर्मनीत आली आणि १९५७ मध्ये ड्युसेलडॉर्फला तिची बेर्न्टशी ओळख झाली. त्याला काय टिपायचं ते माहीत होतं, तिला कसं टिपायचं ते. १९५९ पासून दोघं एकत्र काम करायला लागले, १९६१ मध्ये लग्न केलं. पुढची जवळजवळ पाच दशकं, २००७ मध्ये बेर्न्ट जाईपर्यंत, त्यांच्या फोटोंवर दोघांचं नाव एकत्रच राहिलं. कुठला फोटो कोणी काढला हे त्यांनी वेगळं सांगितलंच नाही.

आता त्यांची पद्धत ऐका, कारण खरी गंमत तिच्यात आहे.

पहिली गोष्ट, आभाळ. त्यांना ढगाळ दिवस हवा असायचा. ऊन नको, सावली नको, नाट्यमय ढग तर मुळीच नकोत. मागे सपाट, पांढुरकं आभाळ. आपण सूर्यास्ताची वाट बघतो, हे दोघं सूर्य जायची वाट बघायचे.

दुसरी गोष्ट, जागा. टाकी किंवा मनोरा जमिनीवरून बघितला तर तो वर निमुळता होत गेलेला आणि मागे कललेला दिसतो. मोबाईलवर उंच इमारतीचा फोटो काढलाय ना? तसंच. म्हणून हे लोक शिडीवर, परांचीवर किंवा समोरच्या एखाद्या उंचवट्यावर चढायचे, म्हणजे वस्तूच्या साधारण मध्याच्या उंचीवर यायचे. कॅमेरा मोठा, भाता असलेला. अशा कॅमेऱ्यात भिंग फिल्मच्या तुलनेत वर-खाली सरकवता येतं, त्यामुळे उभ्या रेषा उभ्याच राहतात. फोटो कृष्णधवल, आणि इतका स्पष्ट की रिव्हेट मोजून घ्यावेत.

तिसरी गोष्ट, माणसं. चौकटीत माणूस नाही. अपवाद जवळजवळ नाहीच.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. ते फोटो एकेकटे टांगायचे नाहीत. एकाच जातीच्या वस्तूंचे नऊ, बारा, पंधरा फोटो ओळीत मांडायचे. नऊ पाण्याच्या टाक्या, पंधरा कूलिंग टॉवर. प्रत्येक फोटो त्याच कोनातून, त्याच उजेडात, साधारण त्याच आकाराचा.

पहिल्यांदा हे बघितल्यावर मला प्रामाणिकपणे कंटाळा आला. नऊ टाक्या, बरं, पुढे काय? पण माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट आठवली. प्रोग्रॅममध्ये नेमकं काय बदललं हे शोधायचं असेल तर आपण बाकी सगळं सारखं ठेवतो आणि दोन फाइली शेजारी लावून फरक काढतो. बेखर जोडपं हेच करत होतं. उजेड सारखा, कोन सारखा, अंतर सारखं. म्हणजे उरलेला जो काही फरक दिसेल तो टाकीचा असेल, फोटोग्राफरच्या मूडचा नाही. पाचव्या टाकीपर्यंत डोळा तयार होतो. मग दिसतं, ही विटांची आहे, ही लोखंडी, या टाकीचा तळ गोल आहे, हिला जिना बाहेरून आहे. दोन्ही टाक्यांचं काम एकच, तरी कुठल्यातरी अनाम इंजिनिअरने इथे वेगळा निर्णय घेतला. १९७० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्याचं नावच 'अनाम शिल्पं' अशा अर्थाचं आहे.

झीगनच्या परिसरातल्या कामगारांच्या घरांचंच उदाहरण घ्या. लाकडी चौकट आणि मध्ये पांढरी भिंत अशी ही घरं. बेखर यांनी ती समोरून, ओळीने टिपली. बघताना वाटतं, काय सुंदर नक्षी आहे! पण ती नक्षी नाहीच. भट्ट्यांना कोळशासाठी लाकूड लागायचं, म्हणून १७९० मध्ये तिथे घरबांधणीत किती लाकूड वापरायचं यावर कायद्याने बंधन आलं. शोभेच्या तुळया बाद, फक्त भार पेलणाऱ्या राहिल्या. म्हणजे घराच्या दर्शनी भिंतीवर भट्टीची भूक उमटली आहे. हे एका घराचा फोटो बघून कळत नाही, शंभर घरं शेजारी ठेवली की कळतं. आणि मला वाटतं, इतिहासाचा पुरावा म्हणून फोटो कसा वापरावा, याचा हा धडाच आहे.

हे वेड घेऊन दोघं एका फोक्सवागन गाडीतून फिरले. जर्मनीतल्या रुहरच्या कोळसापट्ट्यात, बेल्जियम, फ्रान्समध्ये, १९६६ मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या खाणींमध्ये, पुढे अमेरिकेत. १९६४ मध्ये मुलगा झाला, मग तोही गाडीत. आणि सगळीकडे तीच शर्यत, कारण रुहरमध्ये १९५८ पासून कोळशाचं संकट सुरू झालं होतं. तेल स्वस्त होतं, परदेशी कोळसा स्वस्त होता, खाणीमागून खाण बंद होत होती.

या फोटोंनी काही बदललं का? बदललं. डॉर्टमुंड शहराच्या कडेला त्सोलर्न नावाची खाण आहे. तिथलं यंत्रघर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं, लोखंड आणि काचेचं, वेलबुट्टीदार दरवाजाचं. खाण बंद पडली आणि १९६९ मध्ये ते यंत्रघर पाडायचं ठरलं. तोवर 'वारसा' म्हणजे किल्ला, चर्च, राजवाडा. कारखाना म्हणजे भंगार, टनावर विकायचं. ते वाचवण्यासाठी काही लोक उभे राहिले, त्यांत बेखर पती-पत्नीही होते. त्याच वर्षी ते यंत्रघर संरक्षित झालं. जर्मनीत उद्योगाची वास्तू स्मारक म्हणून जपण्याची सुरुवात इथून झाली असं मानतात. आज तिथे संग्रहालय आहे. पुढे एसेनची त्सोलफराइन खाण २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. ड्युसबर्गचा १९८५ मध्ये बंद पडलेला पोलाद कारखाना न पाडता त्याचं उद्यान केलं. लोक आज झोतभट्टीवर चढून सूर्यास्त बघतात.

हे सगळं दोन फोटोग्राफरांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण आधी लोकांना ती गोष्ट बघण्यासारखी वाटावी लागते, मगच ती राखण्यासारखी वाटते. ते बघायला शिकवण्याचं काम या कंटाळवाण्या दिसणाऱ्या फोटोंनी केलं.

हळूहळू कलेच्या जगानेही दखल घेतली. १९७५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला, म्हणजे कोडॅकच्या गावात, एक प्रदर्शन भरलं. नाव 'न्यू टोपोग्राफिक्स', विषय माणसाने बदललेली भूमी. तोपर्यंत अमेरिकन निसर्गचित्रण म्हणजे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचे भव्य डोंगर आणि दऱ्या. या प्रदर्शनात मात्र पार्किंगच्या जागा, गोदामांच्या भिंती, नव्या वसाहतींची एकसारखी घरं. रॉबर्ट अ‍ॅडम्स, लुईस बाल्ट्झ, स्टीफन शोर अशी दहा माणसं. त्यांत अमेरिकेबाहेरचे दोघंच, बेखर पती-पत्नी. मग १९७६ पासून बेर्न्ट ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवायला लागला. आंद्रेआस गुर्स्की, थॉमस श्ट्रूथ, कांडिडा ह्योफर हे त्याचे विद्यार्थी. आणि १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनालेमध्ये दोघांना सुवर्णसिंह मिळाला, तोही शिल्पकलेचा! फोटो काढणाऱ्यांना शिल्पाचं बक्षीस. त्या अनाम इंजिनिअरांनाही त्यात थोडा वाटा आहे, असं मला वाटतं.

पण थांबा. इथेच मला एक गोष्ट खटकते, आणि ती न सांगता भाग संपवला तर आजोबांना तोंड दाखवता येणार नाही.

त्या फोटोंत माणसं नाहीत. दोघांना वस्तूचा आकार दाखवायचा होता, माणूस आला की डोळा माणसाकडे जातो, हे मला समजतं. पण दुसऱ्या महायुद्धात याच रुहरच्या खाणी-कारखान्यांमध्ये सक्तीने आणलेल्या माणसांना राबवलं गेलं. युद्धानंतर, १९६१ च्या करारानंतर, तुर्कस्तानातून हजारो कामगार इथे खाणीत उतरले. बेखर यांच्या फोटोंतल्या स्वच्छ पांढुरक्या आभाळाखाली यातलं काहीच दिसत नाही. खाणीचा मनोरा दिसतो, पण त्याच्या चाकांवरून जाणाऱ्या दोराला लटकून खाली कोण जात होतं ते दिसत नाही. काही टीकाकारांनी हे आधीच म्हटलंय, आणि मला त्यांचं पटतं.

गंमत म्हणजे, याची दुसरी बाजू त्याच मुलखातल्या एका माणसाने आधीच करून ठेवली होती. ऑगस्ट झांडर हा फोटोग्राफर झीगनजवळच्या हेरडॉर्फ गावचा, स्वतः लहानपणी खाणीत काम केलेला. त्याने जर्मनीतली माणसं टिपली: शेतकरी, भटारी, गवंडी, वकील, बेकार. समोरून, सरळ, ओळीने. बेखर यांनी तीच सरळ नजर इमारतींकडे वळवली. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर कुठे एक समाज पुरा होतो.

आणि मग मला आपली मुंबई आठवली. इथे बरोबर उलटं झालंय.

मुंबईत पहिली सूतगिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली. पुढे गिरणगाव वाढलं, परळ, लालबाग, वरळी, भायखळा असं पसरलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, साठाहून जास्त गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. त्यानंतर काय झालं ते तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात सांगितलं गेलं असेल. १९९१ मध्ये नियम आला की गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी, बाकी मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली; बांधकाम उभं असलेली जमीन हिशेबातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. आणि मग टॉवर आले.

पण आपल्याकडे आवाज मात्र जपले गेले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या, बायकांच्या, कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेऊन गिरणगावचा मौखिक इतिहास लिहिला. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांना घेऊन 'साचा' हा माहितीपट केला. कविता आहेत, नाटकं आहेत, लोकांच्या तोंडी गोष्टी आहेत. गिरणगावातला माणूस बोलताना तुम्हाला ऐकू येतो.

त्या माणसाच्या आजूबाजूचं आवार मात्र धूसर झालंय. फोटो काढलेच नाहीत असं नाही, पण एकेक गिरणी, एकेक चिमणी, एकेक खातं समोरून, ओळीने, ठिकाण आणि तारीख लिहून टिपलेलं मला तरी कुठे मिळालं नाही. लोअर परळच्या एका मॉलच्या आवारात अजून एक चिमणी उभी आहे, तिच्या भोवती लोक कॉफी पितात. ती कुठल्या बॉयलरची होती, धूर कुठून यायचा, हे तिच्याकडे बघून कळत नाही, कारण तिच्या शेजारी ठेवायला उरलेल्या चिमण्यांचे फोटो नाहीत. एकटी चिमणी म्हणजे नुसती शोभा. पन्नास चिमण्यांच्या ओळीत ती पुरावा झाली असती.

म्हणून मला वाटतं, फोटो भावनेने काढावा की कोरडेपणाने, हा वादच चुकीचा आहे. दोन्ही लागतं. आजोबांचा आवाज लागतो आणि चिमणी कुठल्या हाताला होती तेही लागतं. एक राहिलं की दुसरं लंगडं होतं. जर्मनीतल्या खाणी उभ्या आहेत, पण फोटोतून कामगार गेला. आपल्याकडे कामगाराची गोष्ट आहे, पण ती जिथे घडली ते आवार दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यात उरलंय. आणि ती दोन डोकी एकमेकांशी सहमत नाहीत!

जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. हिल्ला त्याआधीच, २०१५ मध्ये गेली. म्हणजे ज्या शर्यतीला दोघांनी सुरुवात केली ती आता तिकडे संपली. आपल्याकडे नाही संपलेली. तुमच्या गावातला साखर कारखाना, जुनी एसटीची शेड, कौलांचा कारखाना, सहकारी सूतगिरणी, विटांची भट्टी, धान्याची गोदामं... यातलं काही ना काही पुढच्या दहा वर्षांत जाणार आहे. त्यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही. ढगाळ दिवशी जा, समोर उभे राहा, फोन सरळ धरा, फिल्टर लावू नका. ठिकाण आणि तारीख लिहा. आणि तिथे काम केलेलं कोणी भेटलं तर पाच मिनिटं त्यांचा आवाजही टिपून ठेवा. हो, आवारात शिरायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

शेवटी त्या भांडणाचं काय झालं, ते सांगतो. दिवाळीत आप्पा फराळाला आले तेव्हा मी दोघांना एकेक कोरा कागद आणि पेन्सिल दिली. म्हटलं, वाद नको, गिरणी काढून दाखवा. दोघं पाऊण तास काढत होते. आजोबांनी साचेखात्यातल्या खिडक्यासुद्धा मोजून काढल्या. आप्पांनी भोंगा काढला, नळ काढला, नळाशेजारी डबे ठेवायची फळी काढली. चिमणी आजोबांच्या कागदावर डावीकडे आहे, आप्पांच्या उजवीकडे. दोन्ही कागदांवर दोघांची सही आणि तारीख घेतली आणि स्कॅन करून ठेवले. जुळत नाहीत, पण आहेत.

तुमच्यापैकी कोणाच्या पेटीत लालबाग-परळच्या एखाद्या गिरणीच्या आवाराचा फोटो असेल, तर जरूर कळवा. कदाचित त्याच्या एका कोपऱ्यात ती चिमणी असेल. तोपर्यंत काळजी घ्या, पुढच्या भागात भेटूच.